परदेशी प्राण्यांचं आश्रयस्थान: आधी वही, मग पिंजरा

निळा-पिवळा मकाव हा मोठा परदेशी पोपट नीट सांभाळला तर पन्नास वर्षं सहज जगतो. त्याचं खाणं, औषध, सांभाळणाऱ्या माणसाच्या पगारातला त्याचा वाटा असं मिळून महिन्याला ३,००० रुपये धरा. ५० वर्षांचे होतात १८ लाख, आणि महागाई मी अजून धरलेलीच नाही. आता तो मकाव पिंजऱ्यासकट गाडीतून घेऊन आलेला माणूस दारात उभा राहून म्हणतो, "पाच हजार देणगी देतो, तेवढा ठेवून घ्या."

माझी नोकरी सहकारी बँकेत कर्जखात्यावर गेली, त्यामुळे मला सगळ्यात आधी हा गुणाकार दिसतो. भाची प्राण्यांची डॉक्टर. तिनं आणि तिच्या मित्रांनी मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या अलीकडे, लोकांनी हौसेनं घेऊन नंतर नकोशा झालेल्या परदेशी प्राण्यांसाठी केंद्र काढलं. निवृत्तीनंतर मी तिथली वही आणि कोठी बघते. मकाव, आफ्रिकन ग्रे म्हणजे राखाडी पोपट, हिरवे इग्वाना म्हणजे मोठे सरडे, बॉल पायथन जातीचे अजगर, शुगर ग्लायडर म्हणजे झाडांवरून तरंगत जाणारे छोटे प्राणी आणि लाल कानाची कासवं. कासवं तर इतकी, की विचारू नका. "घरात कासव ठेवलं की लक्ष्मी टिकते" असं ऐकून लोक नाण्याएवढं पिल्लू आणतात. ते ताटलीएवढं झालं, पाण्याला वास यायला लागला की लक्ष्मी आमच्याकडे सोडायला येतात.

मला दोन प्रकारची माणसं भेटतात. एकांना असं केंद्र काढायचं असतं, दुसऱ्यांना मदत करायची असते. पहिल्यांपैकी बहुतेकांनी दुसऱ्यांत जावं असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही काढायचंच असेल, तर ज्या क्रमानं डोकेदुखी येते त्याच क्रमानं सांगते.

कागद

आपल्याकडे "माझी शेतजमीन आहे, मी प्राणी ठेवतो" असं चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनं प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत बचाव केंद्रंही घातली, आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. म्हणजे लोकांनी सोडलेले प्राणी घेणारं केंद्र काढायचं म्हणजे थेट दिल्लीपर्यंतचा कागद. पिंजऱ्यांचे नकाशे, पशुवैद्याची व्यवस्था, पैशाचा स्रोत, सगळं दाखवावं लागतं. वैतागू नका. कर्ज देताना आम्हीसुद्धा हेच विचारायचो आणि ज्यांना राग यायचा त्यांचीच खाती नंतर थकायची.

दारात आलेला प्राणी देशी की परदेशी, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरलं पाहिजे. हिरवा, गळ्यात गुलाबी कंठ असलेला आपला पोपट, पाठीवर चांदण्या असलेलं कासव, मांडूळ, घोरपड हे सगळे देशी. ते पाळणंच गुन्हा आहे. असा प्राणी कुणी आणला तर तो केंद्रात घ्यायचा नाही. वन विभागाला कळवायचं. महाराष्ट्रात त्यांची हेल्पलाइन १९२६. देशी वन्यप्राणी कायद्यानं सरकारी मालमत्ता आहेत आणि असा प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांत कळवणं बंधनकारक आहे. त्यांच्यासाठी वेगळी उपचार केंद्रं आहेत, पुण्यात बावधनला, नागपुरात सेमिनरी हिल्सला. "ताई, बिचाऱ्याला एक रात्र ठेवा" म्हणणाऱ्याचं मन मोडायला जड जातं. मी मोडते.

परदेशी प्राण्यांत जे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या म्हणजे साइटिसच्या याद्यांत आहेत, ते आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आहेत. मकाव, आफ्रिकन ग्रे, इग्वाना, बॉल पायथन, मार्मोसेट माकड हे सगळे त्यात. २०२४ च्या नियमांप्रमाणे यांची नोंदणी केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि नवा प्राणी ताब्यात आला तर ३० दिवसांच्या आत. प्राणी एका हातातून दुसऱ्या हातात गेला, अंड्यातून पिल्लू निघालं, प्राणी मेला, तरी कळवायचं. म्हणून सोडायला येणाऱ्याकडे पहिली मागणी कागदाची. त्याच्याकडे नोंदणीच नसेल तर "चालतंय" म्हणून पिंजरा उतरवून घेऊ नका. आधी वन विभागाशी बोला, त्यांच्या लेखी सूचनेनं पुढं जा. नाहीतर त्याची अडचण तुमच्या नावावर चढते. कॉकॅटिल, बजरीगर हे छोटे पोपट आणि शुगर ग्लायडर या याद्यांत नाहीत, पण याद्या बदलतात. दरवर्षी एकदा ताडून घ्या.

संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आयकराच्या सवलतीची नोंदणी, हे कुठलाही चांगला सीए करून देईल. एकच सांगते: जागा भाड्याची असेल तर करार अकरा महिन्यांचा नको. अकरा महिन्यांचा करार आणि ५० वर्षांचा मकाव, हे गणित बसत नाही.

नाही म्हणायची सवय

केंद्र बुडतं ते कमी पैशामुळे कमी आणि जास्त होकारामुळे जास्त. भिंतीवर आमच्याकडे एक फळा आहे: कुठल्या जातीचे किती ठेवू शकतो, सध्या किती आहेत. आकडा भरला की भरला. भाचीलासुद्धा तो पुसायची परवानगी नाही. (तिचं मन लोण्याचं आहे, म्हणून तर खडू माझ्याकडे.)

पण "जागा नाही" एवढंच सांगून फोन ठेवू नका. प्राणी सोडायचं कारण विचारा. इग्वाना उठत नाही, पाय थरथरतात, म्हणून नको झालाय? त्याला योग्य दिवा आणि योग्य पाला मिळत नसेल. कासवाचे डोळे सुजून मिटलेत? डब्यातली वाळवलेली कोळंबी सोडून त्याला दुसरं काही घातलेलं नसेल आणि अ जीवनसत्त्व कमी पडलं असेल. पोपट ओरडतो म्हणून शेजारी भांडतात? तो दिवसभर रिकाम्या हॉलमध्ये एकटा असेल. यातल्या बऱ्याच गोष्टी मालकाच्या घरीच सुधारतात. आम्ही जातवार एकेक पानाची मराठी माहितीपत्रकं केली आहेत, ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, वर डॉक्टरचा नंबर देतो. पंधरवड्यानं पुन्हा फोन करतो. जो प्राणी आपल्या दारात आलाच नाही, तो सगळ्यात स्वस्तात वाचलेला प्राणी.

एका बाबतीत मात्र आवाज चढवा. "मग तळ्यात सोडून देऊ का?" असं कुणी म्हणालं की. लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, आणि जगातल्या सगळ्यात घातक शंभर आक्रमक परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या तळ्यात ते मरत नाही, हीच अडचण. मजेत वाढतं, ऊन खायच्या जागा आणि खाणं बळकावतं आणि आपली देशी कासवं मागं पडतात. देवळाच्या कुंडात सोडलं तरी त्याचं पुण्य लागत नाही.

पहिले दिवस वेगळ्या खोलीत

नवा आलेला पक्षी ३० ते ४५ दिवस आणि सरपटणारा प्राणी ९० दिवस वेगळा. वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळी चप्पल, वेगळा झाडू. काम करायचा क्रमही ठरलेला: आधी निरोगी जुने, मग म्हातारे-आजारी, शेवटी विलगीकरण. उलटं कधीच नाही. पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला सिटाकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, म्हणून तिथं मास्क आणि कोरडा झाडू बंद. आधी पाणी शिंपडायचं. कासवं आणि सरडे दिसायला धडधाकट असूनही साल्मोनेला बाळगतात. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे ती याच कारणानं, कारण मुलं ती तोंडात घालायची. आणि मार्मोसेट माकड असेल तर उलटी भीती: आपल्या ओठावर येणारी साधी नागीण त्याचा जीव घेऊ शकते. ओठावर फोड असलेल्या माणसाला त्या खोलीकडे पाठवू नका, मग तो देणगीदार असो की संचालक.

ऊन, वीज आणि जाळी

दिवसा हिंडणाऱ्या सरड्यांना आणि कासवांना अतिनील-ब किरण मिळाले नाहीत तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात. जबडा रबरासारखा होतो, मणका वाकतो. खिडकीजवळ ठेवलेला काचेचा टँक याला उपाय नाही, कारण साधी काच ते किरण अडवते. अशा काचेआड वाढलेले किती सरडे वाकडे होऊन आलेत, बघवत नाही. आपल्याकडे ऊन फुकट आहे, म्हणून जाळीचे बाहेरचे पिंजरे बांधा: अर्धं छप्पर, अर्धं उघडं, म्हणजे प्राण्याला स्वतःला ऊन-सावली निवडता येईल. मुळशीत जून ते सप्टेंबर सूर्य दिसत नाही, तेव्हा अतिनील नळ्या लागतात. त्या चालू दिसल्या तरी सहा महिने ते वर्षभरात आतून निकामी होतात, कंपनी जी मुदत सांगते ती पाळा. नळीवर लावल्याची तारीख मार्करनं लिहायची. दिवा लागतोय ना, मग कशाला बदलायचा, हे वाक्य आमच्या केंद्रात बंद आहे.

विजेचा हिशेब असा. १०० वॅटचा उबेचा दिवा दिवसाचे १२ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट. असे दहा दिवे, ३६० युनिट. रात्री चालणारे उबेचे दिवे, कासवांच्या टाकीचे पंप आणि औषधांचा फ्रीज वेगळे. इग्वानाला ऊन खायच्या जागी ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि आमच्याकडे डिसेंबरच्या रात्री चांगल्याच गारठतात. वादळात तारा तुटल्या की लाइट कधी येईल याचा भरवसा नाही. इन्व्हर्टरवर उबेचे दिवे फार वेळ चालत नाहीत, हे आधीच मोजून ठेवा. त्या रात्रीसाठी थर्माकोलच्या पेट्या, गरम पाण्याच्या पिशव्या आणि जुनी ब्लँकेटं तयार असतात. प्रत्येक दिव्याला थर्मोस्टॅट हवाच. त्यात काटकसर केली तर एक दिवस भाजलेला अजगर बघावा लागतो.

जाळीचं एक फार लोकांना माहीत नसतं. नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवरचा जस्ताचा थर पोपट चोचीनं खरवडतात आणि त्यातून विषबाधा होते. नवी जाळी व्हिनेगर आणि ब्रशनं घासून, धुऊन, काही आठवडे उन्हापावसात ठेवून मगच वापरा. मकावसाठी स्टेनलेस परवडलं तर उत्तम. तो साधी बारीक तार कातरीनं कापावी तशी कापतो. दाराला दार हवं, म्हणजे आतलं उघडताना बाहेरचं बंद. जाळी जमिनीत फूटभर पुरा, नाहीतर घुशी येतात, घुशींमागून धामण, धामणीनंतर नाग. गावातलं मांजर तर कुठूनही येतं.

कोठी

हा माझा विभाग, त्यामुळे इथं जरा रेंगाळते.

मुळशीच्या पावसाळ्यात शेंगदाणा हा माझा शत्रू आहे. दमट हवेत दाण्याला बुरशी येते, त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजून किंवा उकडून पुरतं जात नाही. यकृत जातं. बुरशीचे कण श्वासातून गेले तर पोपटांना, त्यातही ग्रेला, फुप्फुसाचा आजार होतो आणि तो महिनोन्‌महिने औषध खातो. म्हणून मे अखेरीस मी मोठी खरेदी करत नाही. माणसानं खायच्या प्रतीचे दाणे, तेही थोडे थोडे. स्टीलचे घट्ट झाकणाचे डबे, प्रत्येकावर आणल्याची तारीख, जुना डबा संपल्याशिवाय नवा उघडायचा नाही. एक दाणा काळपट निघाला की अख्खा डबा बाहेर. गावातले लोक म्हणतात, ताई, केवढी नासाडी. असू दे.

सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेला पोपट म्हणजे फरसाणावर वाढलेलं मूल. त्याला दुसरं काही दिसतच नाही. आमच्याकडे आलेला प्रत्येक ग्रे बियांवर आला. त्याला पेलेट म्हणजे तयार खाण्याच्या गोळ्या, शिजवलेली कडधान्यं, लाल भोपळा, गाजर, मिरची, शेवग्याचा पाला यांवर आणायला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि या काळात रोज वजन करावं लागतं, कारण हट्टी पोपट उपाशी बसतो पण नवीन खात नाही. ग्रेमध्ये कॅल्शियम कमी पडलं तर झटके येतात. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट पक्ष्यांना विषारी. आणि पक्ष्यांच्या खोलीच्या आसपास नॉनस्टिक तवा कधीच नको. तो जास्त तापला तर निघणाऱ्या वाफेनं पोपट काही मिनिटांत मरतो, आपल्याला वाससुद्धा येत नाही.

इग्वाना पूर्ण शाकाहारी. त्याला अंडं, चिकन, कुत्र्याचं खाणं घालून "ताकद" आणणारे लोक त्याची मूत्रपिंडं बिघडवतात. आमचा रोजचा चारा: तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, शेवगा, दुधी, भोपळा. पालक नाही, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. कुंपणाला कण्हेर आणि घाणेरी लावू नका, दोन्ही विषारी. त्याऐवजी जास्वंद लावा, कुंपण ते कुंपण आणि चारा तो चारा.

कासवांसाठी अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं. दूधवाले शेतकरी गाईंना घालायला खड्ड्यात प्लास्टिक अंथरून वाढवतात तोच. एक खड्डा त्यांच्याकडून शिकून केला आणि पाल्याचा खर्च खाली आला. मोठं झालेलं कासव मुख्यतः वनस्पतीच खातं. नदीतली जलपर्णी मात्र आणू नका. ती फुकट असते खरी, पण शहराखालच्या नदीचं सांडपाणी पिऊन वाढलेली असते.

बॉल पायथनला मेलेला, गोठवलेला आणि कोमट पाण्यात पिशवीतून वितळवलेला उंदीर. जिवंत उंदीर सापाला चावून जखमी करतो. हा साप कधीकधी महिनोन्‌महिने जेवत नाही. वजन टिकून असेल तर घाबरू नका. त्या फ्रीजला कुलूप आणि वर मोठ्ठं लेबल, हे कशासाठी ते मी सांगत बसत नाही.

लोक भेट म्हणून जे आणतात त्याचं एक प्रकरण व्हावं. ब्रेडच्या लाद्या, एकादशीची उरलेली केळी, वाढदिवसाचा केक. पितृपक्षात एक गृहस्थ पान घेऊन आले. कावळा शिवत नाही म्हणे, तर तुमचा तो राखाडी पक्षी चालेल का? त्याच वेळी आमच्या ग्रेनं आतून आधीच्या घरातल्या कुकरची शिट्टी काढली आणि पाठोपाठ "कोण आहे?" असं बाईच्या आवाजात विचारलं. गृहस्थ पान तिथंच ठेवून गेले. तर नियम असा: बाहेरचं शिजवलेलं अन्न कुणाच्याही हातचं घ्यायचं नाही. उरलेला पाला घ्यायचा असेल तर ओळखीच्या, फवारणी कधी केली ते खरं सांगणाऱ्या शेतकऱ्याकडूनच, आणि मिठाच्या पाण्यात नव्हे, भरपूर वाहत्या पाण्यात धुऊन.

माणसं आणि वजनकाटा

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या, पिंजऱ्याच्या आधी घ्या. पक्षी आजार लपवतो. जंगलात आजारी दिसणारा पहिला मरतो. तो पिसं फुगवून तळाशी बसलेला दिसला म्हणजे खूप उशीर झालेला असतो. वजन मात्र लपत नाही. पक्ष्याचं वजन दहा टक्क्यांनी घटलं तर आमच्याकडे ते संकट समजून त्याच दिवशी डॉक्टर. वही साधी आहे: तारीख, वजन, काय खाल्लं, विष्ठा कशी, सही. सही महत्त्वाची. सही करायची असते तेव्हा माणूस खरोखर बघतो.

परदेशी प्राण्यांचं जाणणारे डॉक्टर फार थोडे. गाई-म्हशी किंवा कुत्र्यांच्या उत्तम डॉक्टरला सरड्याची भूल देता येईलच असं नाही. जागा निवडण्याआधी असा डॉक्टर किती अंतरावर आहे ते बघा, आणि तो गावाला गेला तर दुसरा कोण, तेही लिहून ठेवा.

प्राणी सांभाळणाऱ्यांना वेळेवर पगार, सुट्टी, विमा. स्वयंसेवकांवर केंद्र चालत नाही. शनिवार-रविवारी उत्साह ओसंडून वाहतो, मंगळवारी सकाळी कासवांची टाकी कोण उपसणार? आमचे दादा गावातलेच, आधी पोल्ट्रीत होते. पक्षी बघायची त्यांची नजर आमच्या कुठल्याही पदवीधरापेक्षा बरी. प्राणी कंटाळू नयेत म्हणून करायचे उद्योगही तेच शोधतात: मक्याच्या सालपटात गुंडाळलेला बदाम, भोकं पाडलेल्या बांबूत दाणे, करवंटी, जुनी वर्तमानपत्रं. मकावचं मोडायचं सामान रोज ताजं हवं, नाहीतर तो स्वतःची पिसं उपटायला घेतो. बसायच्या दांड्या पेरूच्या फांद्यांच्या, वेगवेगळ्या जाडीच्या. सगळ्या एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यांवर बसून पोपटांच्या तळपायाला जखमा होतात.

प्रजनन नाही, गळ्यात साप नाही

ज्या केंद्रात पिल्लं होतात ते केंद्र आश्रयस्थान नव्हे, शेती आहे. नर-मादी वेगळे ठेवा. कासवीण एकटी असली तरी अंडी घालते आणि कधीकधी आधीच्या मिलनातली अंडी फलित निघतात, म्हणून वाळू रोज तपासून अंडी लगेच गोठवायची. पोपटाची अंडी काढून खोटी ठेवायची. नुसती काढली तर मादी पुन्हा घालते आणि अंगातलं कॅल्शियम संपवते. आश्रयस्थानांना मान्यता देणारी एक जागतिक संघटना आहे, ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्चुअरीज, २००७ पासूनची. तिचेही मुख्य मुद्दे हेच: प्रजनन नाही, विक्री नाही, लोकांनी हाताळणं नाही.

फोटोचंही तसंच. खांद्यावर मकाव घेतलेला हसरा फोटो टाकला की शंभर लोक "किती गोड" म्हणतात आणि त्यातले दोन तसा पोपट कुठं मिळतो ते विचारतात. आम्ही प्राण्यासोबत माणूस दिसेल असा फोटो टाकत नाही. देणग्या कमी येतात का? येत असतील.

मदत करायची असेल तर

एकदम मोठी रक्कम दिली तर नको म्हणणार नाही, पण दर महिन्याला येणारे ५०० रुपये मला जास्त उपयोगी. त्यावर मी पगार ठरवू शकते. आयकरातली जिला सगळे ८०जी म्हणतात ती सवलत २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर मिळतच नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय करा आणि पावतीवर पॅन बरोबर आहे ना बघा. कंपनीत असाल तर विचारून बघा. प्राणीकल्याण सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चात, बसतं, मात्र संस्थेनं सीएसआर-१ नोंदणी केलेली हवी.

अमेरिकेतल्या, लंडनच्या नातेवाइकांसाठी: तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि पैसे तुमच्या बचतीतले, नेहमीच्या बँक मार्गानं आलेले असतील, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्ट परदेशी झाला असेल, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं ओसीआय कार्ड असो, तर परदेशी देणगी घ्यायची एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येते आणि ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच आले पाहिजेत. "बहिणीच्या खात्यात टाकतो, ती देईल" हा मार्ग सुचवू नका. मी बँकेत होते.

पैसे देण्याआधी केंद्राला चार प्रश्न विचारा. मान्यतेचा कागद दाखवाल का? गेल्या वर्षी किती प्राणी मेले आणि कशानं? इथं पिल्लं होतात का, आणि झाली तर कुठं जातात? मुख्य माणूस उद्या नसेल तर हे कोण चालवणार? मृत्यूचा आकडा शून्य सांगणाऱ्यापासून दूर राहा. म्हातारे, आजारी प्राणी येतात तिथं मृत्यू होतातच. वही ठेवणाऱ्याला तो आकडा माहीत असतो. शेवटच्या प्रश्नाला आमचं उत्तर आहे: सहा महिन्यांचा खर्च मुदत ठेवीत, त्याला हात लावायला तीन सह्या, आणि कुठला प्राणी कुठल्या मान्यताप्राप्त केंद्रात हलवता येईल याची बोलून ठरवलेली यादी.

वस्तू द्यायच्या तर जुने टॉवेल, वर्तमानपत्रं, स्टीलची भांडी, पेरूच्या फांद्या, इन्व्हर्टरची चांगली बॅटरी. वेळ द्यायचा तर वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि हिशेब जाणणारे लोक आधी हवेत. अजगराला हात लावायला मिळेल का विचारणारे नंतरही नकोत. घराभोवती जागा असेल तर जूनमध्ये शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी रोवा, ती लागते, आणि पुढच्या वर्षीपासून पाला आमच्याकडे पाठवा, फक्त फवारणी न केलेला. आणायच्या आधी फोन करा. दुपारी दोन ते चार नको, त्या वेळी विलगीकरणाचं काम चालतं आणि हात धुऊन फोनपर्यंत यायला वेळ लागतो.